नववीच्या पोरांना कारखानदार, दुकानदार भेटवायचेत, कुणी केलंय का असं काही?

सह्याद्री_सर

नमस्कार मंडळी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात गणित-विज्ञान शिकवतो. गावाचं नाव टाकत नाही, एवढंच सांगतो की शिरोली एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला जाणाऱ्या मोटारसायकली सकाळी आमच्या शाळेच्या भिंतीला घासूनच जातात. नववीच्या दोन तुकड्या, मिळून ९४ पोरं.

गेल्या वर्षी आम्ही रीतसर करिअर मार्गदर्शन मेळावा घेतला. मंडप, हार, शाल-श्रीफळ, चार पाहुणे. एक निवृत्त अधिकारी, एक डॉक्टर, एक बँकेतले साहेब आणि एक स्पर्धा परीक्षेच्या अकॅडमीवाले. चौघांनी मिळून अडीच तास पोरांना मोठी स्वप्नं बघा म्हणून सांगितलं. शेवटी कुणाला काही विचारायचंय का म्हटल्यावर एकच हात वर आला, मला जरा बरं वाटलं, तर ते पोरगं म्हणतंय सर पाणी प्यायला जाऊ का.

दुसऱ्या दिवशी वर्गात कागद वाटले, नाव न घालता लिहा काय व्हायचंय. पोलीस, आर्मी, कलेक्टर, डॉक्टर, इंजिनिअर, टीचर, नर्स. ९४ कागदांत ही सातच उत्तरं, वर दोन युट्यूबर. मग सहज विचारलं बाबा काय करतात. 'कंपनीत आहेत.' कंपनीत काय करतात? 'कामाला आहेत.' ह्याच्या पुढं कुणाला काही माहीत नाही, आणि ह्यातल्या निम्म्या पोरांचे वडील फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, नाहीतर धातूचे भाग कापून-घासून करायच्या मशीन शॉपला आहेत बघा. बाप रोज बारा तास जिथं असतो ती जागा पोरानं बाहेरून पण बघितलेली नाही.

तर मनात असं आहे की भाषण नको, जी माणसं प्रत्यक्ष काम देतात त्यांच्यासमोर पोरांना बसवायचं, त्यांच्या जागेवर नेऊन. पण सुरुवातच जमेना. दोन मोठ्या कंपन्यांच्या गेटवर गेलो, सिक्युरिटीवाला म्हणाला एचआरला मेल टाका, टाकला, महिना झाला उत्तर नाही. हेडसर म्हणतात ते नवीन शैक्षणिक धोरणातले दहा दप्तराविना दिवस सहावी ते आठवीला आहेत, नववीला नाहीत, तुमचा पोर्शन बघा आधी. आणि पालकसभेत एका पालकानं मला सरळ विचारलं, "सर, आम्ही तिथं मरतोय तेवढं बास की, पोरांना कशाला दाखवताय?" ह्याला मला खरंच उत्तर देता आलं नाही.

कुणी शिक्षकानं केलं असेल, किंवा तुमच्यात कुणी कारखानदार असतील तर सांगा की आम्ही नेमकं काय मागावं तुमच्याकडं, किती पोरं आणावी, काय बोलायचं ठरवून यावं. आणि ह्या पालकाला काय सांगू?

---

उद्यमनगरकर

सर नमस्कार. माझं छोटं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी, तीन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारी धातू कापायची मशीनं), अकरा माणसं, जॉबवर्क करतो. तुम्ही चुकीच्या गेटवर गेलात एवढंच. मोठ्या कंपनीत मेल कुणी उघडत नाही असं नाही, पण ९४ पोरं म्हटली की सेफ्टीवाला पहिल्यांदा नाही म्हणतो आणि त्याचं पण बरोबर आहे, उद्या काही झालं तर त्याच्या गळ्याशी येतंय. तुम्ही कारखानदारांच्या असोसिएशनला पत्र द्या. शिरोलीला स्मॅक आहे, गोकुळ शिरगावला गोशिमा, आणि आमची उद्यमनगरातली कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. तिथल्या सेक्रेटरीला प्रत्यक्ष भेटा, चहा प्या, दोन छोट्या युनिटची नावं मागा. छोट्या युनिटला मालक स्वतः हजर असतो, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्याकडं आधी एकदा एका शाळेनं पोरं आणली होती, साठ पोरं, दोन मास्तर. पोरं आत शिरली, अर्धी मोबाईल काढून फोटो, अर्ध्यांना पुढचं काही दिसेना, मी ओरडून ओरडून सांगतोय आणि मशीनच्या आवाजात पहिल्या चौघांशिवाय कुणाला ऐकू जात नाही. चाळीस मिनिटांनी वडापाव खाऊन गेली. माझा अर्धा दिवस गेला आणि पोरांना काय मिळालं तर वडापाव.

म्हणून माझी अट, एका वेळी आठ, फार तर दहा. जास्त असतील तर चार शनिवार या. दुसरं म्हणजे पायात बूट पाहिजेत, चप्पल घालून शॉप फ्लोअरवर नाही म्हणजे नाही, कापलेल्या लोखंडाच्या चिप्स पडलेल्या असतात, ब्लेडसारख्या कापतात. ओढणी, मोकळे केस, सैल शर्ट नको. फाउंड्रीत न्यायचं असेल तर मेटल ओतायच्या वेळी जवळ नेऊ नका, भट्टीतलं लोखंड चौदाशे डिग्रीच्या वर असतंय, लांबूनच बघायचं. तिसरं, येण्याआधी वर्गात प्रश्न काढून घ्या आणि ते तुम्ही काढायचे नाहीत, पोरांनी काढायचे. मास्तरांनी लिहून दिलेला प्रश्न मला लगेच ओळखू येतो, 'आपल्या यशाचे रहस्य काय' असा असतो तो. माझं यश कसलं डोंबलाचं, तीन कर्जं आहेत.

आणि पगार विचारायला बंदी घालू नका पोरांना. तेवढाच एक प्रश्न त्यांना खरा पडलेला असतो.

जाता जाता, आमच्या गावाला हे काही नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची मिल काढली तेव्हापासून इथं यंत्राला हात लावणारी माणसं तयार होत आली आहेत. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही आमच्याकडची जुनी यंत्रं करणारी माणसं काय करिअर मेळाव्यातून आली नव्हती. कुणाच्या तरी हाताखाली उभं राहून बघितलं, खोललं, जोडलं. पुढं ऑइल इंजिनाच्या धंद्यावर अख्खं उद्यमनगर उभं राहिलं. आता तसं कुणाच्या दुकानात पोर उभं राहत नाही, क्लासला असतंय.

---

दहावीचा_बाप

उद्यमनगरकर साहेब तुमचं सगळं बरोबर, पण तुम्ही मालक आहात. मी बावीस वर्षं फाउंड्रीत फेटलिंगला आहे. फेटलिंग म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास्टिंग, म्हणजे ओतून केलेला भाग, साच्यातून निघालं की त्याला कडेला जादा लोखंड चिकटलेलं असतं ते ग्राइंडरनं काढायचं. दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा.

सर, तो पालकसभेतला माणूस मी नव्हे पण मी असतो तरी हेच बोललो असतो. शहरातल्या इंग्लिश मिडियमच्या पोरांना कोण फाउंड्री दाखवतंय का? त्यांना आयआयटीवाले, परदेशातले लोक भेटवतात. आमच्या पोरांना मात्र लगेच एमआयडीसी. म्हणजे ठरवूनच टाकलं ना तुम्ही की बाप तिथं तर पोरगं पण तिथंच. मालकांना स्वस्तात पोरं पाहिजेत, शाळेनं ती आयती द्यायची, आणि त्याला नाव करिअर.

---

वाळूवाली_मॅडम

@दहावीचा_बाप काका, मी मशीन मोल्डरची, म्हणजे मशीनवर वाळूचे साचे करणाऱ्याची मुलगी आणि आता फाउंड्रीतच आहे, सँड लॅब बघते, साच्याची वाळू तपासते. म्हणून दोन्ही बाजूनं बोलते.

तुमची भीती खोटी नाही. पण काका तुम्हीच सांगा, तुमच्या फाउंड्रीत फेटलिंग सोडून किती प्रकारची कामं आहेत? पॅटर्न शॉप, कोअर शॉप, मेल्टिंग, स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर बसणारा केमिस्ट, क्वालिटी, मेथड्स म्हणजे संगणकावर धातू साच्यात कसा भरेल ते आधी बघणारे, मेंटेनन्स, स्टोअर, पर्चेस, डिस्पॅच, अकाउंट्स, एक्सपोर्टची कागदपत्रं करणारी, सेफ्टी ऑफिसर. माझ्या पप्पांनी मला ह्यातलं एकही कधी सांगितलं नाही कारण त्यांना स्वतःच्या मशीनपलीकडं बघायला कधी मिळालंच नाही. मी बारावीनंतर केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केली, पुढं काय म्हणून रडत बसले होते, तेव्हा कॉलेजच्या एका मॅडमनी फाउंड्रीत नेलं. आत गेल्यावर पहिल्यांदा कळलं की वाळूची पण लॅब असते!

त्या दिवशी तिथल्या एका जुन्या मामांनी माझ्या हातात तयार वाळू दिली, म्हणाले मूठ आवळ. आवळली. उघडली तर बोटांचे ठसे जसेच्या तसे उठलेले. मग म्हणाले मधे मोड, मोडली तर कडा सरळ तुटली, भुगा झाला नाही. म्हणाले ही वाळू पास. दिवाळीत किल्ला करताना माती अशीच बघायचो की आपण! नंतर मशीनवर ओलावा मोजला तर साडेतीन टक्के. मामा न मोजता सांगत होते ते मशीन नंतर सांगत होतं. बेंटोनाइट म्हणजे चिकट माती किती, कोल डस्ट म्हणजे कोळशाची पूड किती, पाणी किती, सगळी केमिस्ट्रीच आहे हो, फक्त पुस्तकात तिचं नाव वेगळं.

हे मला नववीत कुणी दाखवलं असतं तर मधली तीन वर्षं रडण्यात गेली नसती.

सर, एक विनंती, पोरींना वगळू नका. "मुलींना कशाला फाउंड्री, त्यांना हॉस्पिटल दाखवू" असं होतं नेहमी. आणि काकांना अजून एक, आयटीआयला गेलं म्हणजे दार बंद असं नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमावरून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्याकडं असा आलेला एक जण आता मेल्टिंगचा इनचार्ज आहे. हा रस्ता पोरांना माहीतच नसतो आणि पालकांना तर अजिबात नसतो.

---

गणूचा_भाऊ

सर दहावीची कलचाचणी घ्यायची की, २०१६ ला शासनानं सुरू केली होती. पोरगं कशात आहे ते लगेच कळतं, एवढी भानगड कशाला.

---

सह्याद्री_सर

@गणूचा_भाऊ घेतल्यात की आम्ही त्या. माझ्या वर्गातल्या एकाला 'ललित कला' आलं होतं. घरी गेला, वडील म्हणाले ललित कोण? विनोद नाही करत, खरंच झालंय. चाचणी सांगते तुझा कल इकडं आहे, पण त्या कलाचं काम करणारा माणूस पोरानं जन्मात बघितलेला नसेल तर तो कागद फाइलला लावण्यापलीकडं काय करणार.

@वाळूवाली_मॅडम, तुम्ही शाळेत याल का हो? मूठ आवळायला.

@दहावीचा_बाप, तुमच्या बोलण्यानं रात्रभर झोप लागली नाही खरं सांगतो. त्यावर नंतर लिहितो.

---

शिरूरकर

आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. कलबाग सर मोठे शास्त्रज्ञ होते, मुंबईतली नोकरी सोडून इथं येऊन राहिले. त्यांचं म्हणणं साधं होतं, हातानं काम करता करता शिकायचं. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख असा विषय निघाला, आयबीटी म्हणतात त्याला. आठवड्यातला एक दिवस पोरं वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, स्वयंपाक-आरोग्य असलं सगळं करतात. मी स्वतः त्या विषयाची पोरं बघितलेली आहेत.

सर तुमच्यासाठी ह्यातली घ्यायची गोष्ट म्हणजे तिथं शिकवायला बीएडवालेच लागतात असं नाही, गावातला वेल्डर, इलेक्ट्रिशियन पण वर्गावर येतो. आणि पोरं नुसती बघत नाहीत, गावाची कामं घेतात, कुणाचं गेट बनवून दे, कुणाचं रक्तगट तपासून दे, आणि त्याचे पैसे घेतात. पैसे घेतले की समोरचा कटकट करतो, माप चुकलं म्हणतो, परत करून दे म्हणतो. हे भाषणात नाही मिळत.

तुमच्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतला व्यवसाय शिक्षणाचा विषय नववीपासून आहे का बघा. असेल तर त्यात बाहेरच्या तज्ज्ञाचं लेक्चर आणि क्षेत्रभेट धरलेलीच असते, हेडसरांना तेवढं दाखवा. एसटीला शैक्षणिक सहलीसाठी निम्म्या भाड्याची सवलत आहे, ती पण विसरू नका.

---

नेकरवाडा

मी इचलकरंजीची. आधी घरात माग होते, ते विकले, आता शिलाईचं युनिट आहे, चौदा बायका कामाला, लहान पोरांचे कपडे शिवतो. म्हणजे सरांच्या भाषेत मी पण 'काम देणारी' झाले म्हणायचं 😄

सर नुसत्या एमआयडीसीच्या मागं लागू नका हो. तुमच्याच गावात बघा, फ्लेक्स छापणारा, जेसीबीवाला, बेकरी, दूध संकलन, मेडिकल, मंडप-डेकोरेशन, जीएसटी भरून देणारा, गुऱ्हाळवाला, हे सगळे दोन-चार माणसं ठेवतातच. एका गल्लीत दहा मालक सापडतील, बसभाडं शून्य.

आणि मी माणूस कसं घेते ते सांगते, पोरांना उपयोग होईल. माझ्याकडं नवीन मुलगी आली की मी तिला कॉलर जोडायला देते, अवघड असते, पहिल्यांदा चुकणारच. मी बघते ती चुकलेलं माझ्यासमोर आणते का गठ्ठ्यात खाली घालते. खाली घातलं की नको. बाकी शिलाई महिन्यात येते. पण हे कुठल्या मार्कलिस्टवर लिहिलेलं नसतं आणि शाळेत तर उलटं शिकवतो आपण, चुकलं की खोडरबर.

हो, आणि मला बोलवाल तर स्टेजवर नका बसवू. मला शाल दिली की मला बोलता येत नाही.

---

स्टुटगार्टहून_सलाम

मूळचा पुण्याचा, बारा वर्षं जर्मनीत. इथं हे प्रकरण शाळेच्या वेळापत्रकातच असतं म्हणून लिहितो, तिकडं जसंच्या तसं जमेल असं नाही. नववी-दहावीच्या आसपास प्रत्येक पोराला काही दिवस खऱ्या कामाच्या जागी जावं लागतं, शूलरप्राक्टिकुम म्हणतात. आमच्या राज्यात गिम्नाझियमच्या, म्हणजे पुढं विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेच्या पोरांना साधारण आठवडाभर. शाळेची पोरं म्हणून अपघात विमा असतो, त्यामुळं मालक घाबरत नाहीत. मुलींसाठी २००१ पासून दरवर्षी गर्ल्स डे असतो, त्या दिवशी मुली वर्कशॉप, लॅब, आयटी असल्या जागी जातात जिथं एरवी मुलगेच जास्त.

पण सगळ्यात भारी भाग म्हणजे जागा पोरानं स्वतः शोधायची. अर्ज स्वतः लिहायचा, फोन स्वतः करायचा. माझ्या मुलानं सात ठिकाणी लिहिलं, पाच जणांनी उत्तर दिलं नाही, एकानं नाही म्हटलं, शेवटी एका सायकल रिपेअरवाल्यानं घेतलं. मी मनात म्हटलं झालं, एवढं इंजिनिअर घराणं आणि पोरगं पंक्चर काढतंय. (आई पुण्याहून फोनवर रडली पण 😅) आठवड्यानं आला आणि म्हणाला बाबा मला सायकल आवडते पण गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलणं नाही जमणार. पंधरा वर्षाच्या पोराला स्वतःबद्दल एवढं कळलं, मला ते तिशीत कळलं, तोवर सेल्समध्ये चार वर्षं घालवली होती.

ती पाच न आलेली उत्तरं पण त्याच्या फायद्याचीच झाली असं आता वाटतं. सर, तुमच्या एचआरनं उत्तर दिलं नाही ना, तो मेल पोरांना लिहायला लावा. नववीच्या पोरीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पत्र टेबलावर आलं तर बाजूला टाकायला जड जातं.

---

सह्याद्री_सर

दोन महिन्यांनी लिहितोय, माफ करा. झालं ते सांगतो.

पत्रं पोरांनीच लिहिली. मराठीच्या मॅडमनी पत्रलेखनाचा तासच त्यावर घेतला, म्हणजे पोर्शनचा प्रश्न मिटला, हेडसर पण गप्प. अठरा पत्रं गेली, पोरांनी सायकलवरनं नेऊन दिली. सात ठिकाणांहून या म्हणाले. दोघांनी शाळेलाच फोन करून विचारलं हे पत्र खरं आहे का!

पहिली खेप उद्यमनगरकर साहेबांकडं, दहा पोरं. साहेबांनी आधी सांगूनसुद्धा तिघं चपलांवरच आली. घरी बूटच नाहीत, शाळेचे फाटले ते फाटले. साहेबांनी गेटवरच अडवलं. मला इतकं वाईट वाटलं, म्हटलं राहू दे की एक वेळ, पण माणूस हलला नाही. तिघांना ऑफिसात अकाउंटंट मॅडमकडं बसवलं आणि बाकीची सात पोरं आणि मी आत.

आत साहेबांनी मशीनवर केलेल्या दोन पिना हातात दिल्या, एक पास एक रिजेक्ट, सांगा कुठली. सगळ्यांनी फिरवून फिरवून बघितल्या, दोन्ही आरशासारख्या. कुणाला सांगता येईना. मग त्यांनी एका मुलीला म्हटलं बाळ डोक्याचा एक केस दे. तिनं उपटून दिला, मायक्रोमीटरमध्ये, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनात धरला, ०.०७ मिलिमीटर. मग पिना मोजल्या. रिजेक्ट पिन ०.०३ नं जाड होती. साहेब म्हणाले, अर्ध्या केसानं गेली. दोन मिनिटं सगळी पोरं एकमेकांचे केस मोजत बसली, मी आठ वर्षं दशांश अपूर्णांक शिकवतोय आणि असं कधी बघितलं नाही.

मग प्रश्न. पगार विचारला, साहेबांनी हेल्परपासून प्रोग्रामरपर्यंत आकडे सांगितले. नंतर एक पोरगा, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, त्यानं विचारलं, "काका, पिन रिजेक्ट झाली की पैसे कुणाच्या पगारातनं कापता?" शॉपमध्ये मशीन चालू असून शांत झाल्यासारखं वाटलं. त्याचे वडील कुठंतरी ऑपरेटर आहेत. साहेब जरा थांबले आणि म्हणाले, सुरुवातीला कापायचो, मग माणसं रिजेक्ट लपवायला लागली, तेव्हापासून बंद केलं. सरळ सांगितलं, आमच्यासमोर. मला हे अपेक्षित नव्हतं.

बाहेर आलो तर ऑफिसातली तिघं उठायला तयार नाहीत. मॅडमनी त्यांना चलन, ई-वे बिल, बँकेचं स्टेटमेंट सगळं दाखवलं होतं. त्यातली एक मला विचारते, सर, कायदा ४५ दिवसांत पैसे द्या म्हणतो आणि माल घेणारी पार्टी ९० दिवसांनी देते, मग मधले पगार कुठनं करायचे? आता घरी गेल्यावर तिनं वडिलांना विचारलंय तुमची कंपनी कुणाला माल देते. वडिलांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला विचारलं म्हणे.

नेकरवाडा ताईंना शाळेत बोलावलं, शाल दिली नाही. वाळूवाली मॅडम बादलीभर वाळू घेऊन आल्या, वर्ग झाडायला शिपाईमामांना तासभर लागला.

आणि दहावीचा_बाप आले होते. मीच मेसेज करून विनंती केली होती, म्हटलं मालक भेटवतोय तर काम करणारा पण भेटायला पाहिजे, तुम्ही म्हणता ते तोंडावर सांगा पोरांना. त्यांनी सांगितलं. धुळीचं, मास्कचं, ग्राइंडरचा व्हील फुटला तेव्हाचं, युनियनचं, पीएफ कसा बघायचा त्याचं. सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनाच आले.

एकच अडचण उरली. त्या गप्प पोरानं परस्पर शनिवारी साहेबांचं शॉप गाठलं.

---

उद्यमनगरकर

हो, सायकलवरनं आला, नऊ किलोमीटर! म्हणतो बघायला आलोय. चहा-बिस्कीट दिलं, तासभर क्वालिटीच्या टेबलावर बसवलं आणि दुचाकीवर घालून परत घरी सोडला. सर, त्याला कामाला घेणार नाही मी, आधीच सांगतो. २०१६ ला बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली त्यात घरचा धंदा आणि सिनेमा-मालिका असलं सोडलं तर चौदाच्या आतलं पोर कुठंच नाही आणि चौदा ते अठरा धोक्याच्या कामावर नाही. शिकाऊ म्हणून घ्यायचं तर त्या १९६१ च्या कायद्यात चौदा वर्षं पुरी लागतात, धोक्याच्या कामाला अठरा, आणि रीतसर करार. त्याची दहावी होऊ दे. तोवर महिन्यातनं एक शनिवार वडिलांबरोबर येऊन बसला तर माझी ना नाही, वडिलांची सही पाहिजे.

मापाला हात चांगला आहे पोराचा. मायक्रोमीटरची लाइन न चुकता वाचतो.

---

दहावीचा_बाप

मी अजून पण म्हणतो की मालकांचं काय ते मालकांना ठाऊक. पण गेलो होतो हे खरं. बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं तुम्ही नेमकं काय करता. एका पोरीनं विचारलं, "काका, तुम्हाला तुमच्या कामातलं काय आवडतं?" मी म्हटलं काही नाही. घरी येताना आठवलं, एखादं अवघड कास्टिंग एका फटक्यात साफ झालं की बरं वाटतं. पुढच्या वेळी सांगीन तिला.

आमच्या मालकांना पण तुमचं पत्र द्यायला सांगा सर, मी आत नेऊन देतो.

---

सह्याद्री_सर

काका, उद्याच पाठवतो, त्याच मुलीच्या हातानं.

मंडळी एक मदत पाहिजे. पुढच्या खेपेला चौदा पोरं आहेत आणि बुटांचा घोळ तसाच आहे. दुकानात सेफ्टी शूज सहाच्या खाली मिळेनात, आमची निम्मी पोरं चार-पाच नंबरची. कुणाच्या कंपनीत लेडीज साइझचे जुने जोड पडून असतील तर सांगा, मी येऊन घेऊन जाईन, बघून झालं की परत करतो.